सोणाची वीणा आणि आईची गोळी



वर्षावास सुरू आहे. या निमित्ताने 'विज्ञान आणि धम्म' या सदरात निसर्गातल्या विश्रांतीविषयी लिहायचे असे ठरले होते. विषय मीच सुचवला होता. चार-पाच संशोधने सोप्या मराठीत मांडली, शेवटी तथागतांचे नाव घेतले, की लेख झाला, असा माझा हिशेब होता. मधल्या काळात आमच्या घरात एक प्रकार घडला. त्यामुळे आधी एका चुकीची दुरुस्ती करतो.

एप्रिल महिन्यात मी आपल्या ग्रुपवर एक मजकूर टाकला होता. आपल्यापैकी अनेकांनी तो आवडीने पुढे पाठवला. त्याचे पहिले वाक्य असे होते: आठवड्यात फक्त १२० मिनिटे झाडांत घालवा, आजार पळतील, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. खाली इंग्लंडच्या एक्झेटर विद्यापीठाचे नाव होते. मित्रहो, ते वाक्य चुकीचे आहे आणि ते मी लिहिले होते. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांनी हा लेखही तितक्याच आवडीने पुढे पाठवावा ही विनंती.

झाले असे. मे महिन्यात माझी आई सहा महिन्यांसाठी अकोला जिल्ह्यातल्या गावाहून आमच्याकडे लंडनला आली. तिला चौदा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी असते. जूनमध्ये ती थकलेली दिसू लागली. रात्री तीन-तीनदा उठायची, सारखे पाणी मागायची. आम्हाला वाटले हवामान बदलले आहे. एका सकाळी माझ्या बायकोने मशीनवर साखर तपासली तर ३१८. गोळी घेतेस ना, असे विचारले तर आई शांतपणे म्हणाली, "बारा दिवस झाले, गोयी बंद केली."

"का?"

"तूच तं लिहेल होतं ना बाबू. दोन तास झाडात बसलं का आजार पयते. मी तं रोजच बगिच्यात बसतो."

माझा मजकूर गावातल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पोहोचला होता. आई उशिरा वाचायला शिकली, अजूनही बोट ठेवून वाचते. पोराने लिहिले म्हणून तिने तो दोनदा वाचला होता आणि शेजारणीला वाचून दाखवला होता. त्याच सकाळी अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळ्या सुरू झाल्या, आता साखर ताब्यात आहे. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या कुणी भोंदूबाबाने तिला फसवले असते तर मी त्याच्यावर लेख लिहिला असता. इथे फसवणारा अभियांत्रिकीतला पदव्युत्तर पदवीधर होता आणि त्याने बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत.

मूळ संशोधन काय म्हणते ते आता नीट सांगतो. ते २०१९ साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीवर ते आधारलेले आहे. गेल्या सात दिवसांत तुम्ही बागेत, रानात, समुद्रकिनारी किती वेळ होता, असे लोकांना विचारले. तुमची तब्येत कशी आहे, आयुष्याबद्दल समाधान किती आहे, हेही विचारले. आठवड्यात १२० मिनिटे किंवा जास्त वेळ बाहेर असलेल्यांमध्ये 'तब्येत चांगली आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण, अजिबात बाहेर न गेलेल्यांपेक्षा जास्त निघाले. हा वेळ एकदम घेतला की तुकड्या-तुकड्यांनी, याने फारसा फरक पडला नाही. दीर्घ आजार असलेल्यांतही हा संबंध दिसला. हे सगळे खरे आहे आणि चांगलेच आहे.

पण हा संबंध आहे, कारण नव्हे. आपल्यातले निम्मे लोक माझ्याच धंद्यातले आहेत, त्यांना हे सांगायला नको. लॉगमध्ये दोन एरर एकाच मिनिटाला दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी आली असे आपण धरत नाही. ज्याचे गुडघे दुखतात तो बागेत कमी जातो. मग बागेत न गेल्याने तो आजारी पडला, की आजारी म्हणून बागेत गेला नाही? संशोधकांनी वय, आजार, वस्तीची गरिबी असे बरेच घटक हिशेबात घेतले, तरी एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. ते त्यांनी स्वतःच लिहिले आहे. औषध बंद करा, असे तर त्यात कुठेच नाही. आणि आणखी एक गंमत, जी मला आईचे प्रकरण झाल्यावर मूळ लेख पूर्ण वाचला तेव्हा कळली: त्या पाहणीत स्वतःच्या घराची बाग धरलेलीच नव्हती. आई रोज बसत होती ती आमच्या घरामागच्या बागेत.

म्हणजे मी मूळ लेख न वाचता, त्याच्यावरची बातमी वाचून लिहिले होते. बातमीत 'आढळले' असे होते, मी 'सिद्ध झाले' केले. बातमीत 'तब्येत चांगली असल्याचे सांगितले' असे होते, मी 'आजार पळतील' केले. वाक्य छोटे आणि चटपटीत झाले.

केसपुत्त गावच्या कालामांचा प्रसंग आपल्या विहारात दरवर्षी सांगितला जातो. अनेक गुरू येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कुणाचे मानावे, असे कालामांनी विचारले. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, बोलणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. त्याने अहित होते की हित होते ते स्वतः पाहा, असे तथागतांनी त्यांना सांगितले. आपण हा उपदेश नेहमी दुसऱ्यांच्या ग्रंथांना लावतो. आपल्याच ग्रुपवर आलेल्या, आपल्याच माणसाने लिहिलेल्या, शेवटी जय भीम असलेल्या मजकुराला लावतो का? 'बोलणारा आपला आहे' हे कारणही त्या यादीतच येते.

मग विज्ञान सोप्या भाषेत सांगूच नये का? तसे मुळीच नाही. विनयपिटकात दोन भिक्खू भावांचा प्रसंग आहे. भाषेवर प्रभुत्व असलेले हे दोघे तथागतांकडे गेले आणि म्हणाले, वेगवेगळ्या कुळांतले लोक आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात, आम्ही ते प्रतिष्ठित छंदोबद्ध भाषेत घालू का? तथागतांनी त्यांना नकार दिला आणि लोकांनी धम्म आपापल्या बोलीत शिकावा अशी परवानगी दिली. बाबासाहेबांनी कोलंबियाचा आणि लंडनचा अभ्यास इंग्रजीत केला, पण १९२० साली 'मूकनायक' काढले ते मराठीत. आईला एक्झेटरचा इंग्रजी लेख वाचता येणार नाही, म्हणून तर तो मराठीत यायला हवा. पण बोलीत आणायचा म्हणजे शब्द सोपे करायचे. दावा फुगवायचा नाही. 'कदाचित' या शब्दाला वऱ्हाडीतही जागा आहे.

आता मूळ विषयाकडे येतो, कारण चूक माझ्या वाक्यात होती, झाडांत नव्हती.

निसर्गात थांबल्याने काय होते, याबद्दल मला सर्वांत पटलेला विचार मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याचा आहे. ते म्हणतात, लक्ष दोन प्रकारचे असते. एक आपण जोर लावून धरून ठेवतो: कोड वाचताना, गाडी चालवताना, मीटिंगमध्ये जांभई दाबताना. दुसरे आपोआप अलगद ओढले जाते: हलणारी पाने, वाहते पाणी, ढग. पहिले लक्ष वापरून थकते. दुसरे चालू असताना पहिल्याला विसावा मिळतो. त्याच विद्यापीठात २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ३८ विद्यार्थ्यांना आकडे ऐकवून ते उलट्या क्रमाने म्हणायला लावले. मग त्यांना साधारण पन्नास मिनिटे फिरायला पाठवले, कुणाला झाडांच्या उद्यानात, कुणाला शहराच्या रस्त्यांवरून. पुढच्या आठवड्यात जागांची अदलाबदल केली. उद्यानातून आल्यावर आकडे जास्त चांगले जमले. रस्त्यावरून आल्यावर तितके नाही. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की काहींना कडाक्याच्या थंडीत पाठवले होते, त्यांना ते फिरणे मुळीच आवडले नव्हते, तरी फायदा झाला. लंडनच्या नोव्हेंबरमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ३८ ही संख्या लहान आहे, हेही लक्षात ठेवावे.

इथे एक मोह होतो, तो मी टाळतो. कोणतेही संशोधन आले की 'तथागतांनी हे २५०० वर्षांपूर्वीच सांगितले होते' असे म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. वेळुवन, जेतवन, सारनाथचा मृगदाव, बोधिवृक्ष, कुसिनाऱ्याचे दोन शालवृक्ष: तथागतांचे आयुष्य झाडांखाली गेले हे खरे. ध्यानाला बसायला झाडाचे मूळ ही जागा त्यांनी वारंवार सांगितली, हेही खरे. पण त्यांनी ३८ विद्यार्थ्यांचे दोन गट केले नव्हते. विज्ञानाच्या प्रमाणपत्राशिवाय धम्म उभा राहतो. दोघांची सरमिसळ करून आपण दोघांनाही कमी करतो.

मी हे सगळे वाचायला का लागलो, ते सांगतो. गेल्या फेब्रुवारीत सहा आठवडे सलग एका मोठ्या रिलीजवर काम चालले होते. शनिवार-रविवार नव्हता. एका रात्री दोन वाजता मी टेस्ट डेटाबेसवर चालवायची डिलीटची स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालवली. एंटर दाबल्यावर पुढच्याच सेकंदाला कळले. बॅकअप होता, पाच तासांत सगळे परत आले, नोकरीही राहिली. साहेबांनी आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगितले. मी सुट्टी घेतली आणि घरी लॅपटॉप उघडून बसलो. बायको म्हणाली, बाहेर जाऊन ये. मी म्हणालो, आपल्या लोकांना हे परवडत नाही.

हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी म्हटले असेल. बाबासाहेब १८-१८ तास अभ्यास करायचे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जयंतीला सलग १८ तास वाचनाचे उपक्रम होतात, मीही त्यांत बसलो आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्या घरात शिकलेली ही पहिली पिढी आहे. थांबलो तर मागे पडू ही भीती खोटी नाही, ती अनुभवातून आली आहे. पण आपण त्या १८ तासांची गोष्ट सांगतो आणि पुढची सांगत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने ते शेवटच्या वर्षांत हैराण होते. वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यापुढे कोट्यवधी लोकांचा प्रश्न होता आणि वेळ थोडा होता. माझ्यापुढे एका कंपनीचे रिलीज होते. त्या रात्रीच्या माझ्या जागरणाला मी बाबासाहेबांचे नाव देत होतो, हे आता कबूल करायला हवे.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपल्याला माहीत आहे. श्रीमंत घरचा, नाजूक पायांचा. राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चालत ध्यान करण्याचा असा सपाटा लावला की तळपाय फुटून रक्त आले. तरी मुक्ती मिळेना, म्हणून तो निराश झाला आणि घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तथागत स्वतः त्याच्याकडे गेले. तू आधी वीणा वाजवायचास ना, असे त्यांनी विचारले. तारा फार ताणल्या तर ती वाजायची का? फार सैल सोडल्या तर? मग प्रयत्नाचेही तसेच आहे, हे सोणाला उमगले. या गोष्टीतून 'आराम करा' एवढाच अर्थ काढणे सोपे आहे. पण सोणाने प्रयत्न सोडला नाही, त्याने तार जुळवली आणि पुढे तो अर्हत झाला.

माझे लक्ष मात्र दुसऱ्याच तपशिलाकडे गेले. सोण वनातच होता. सीतवन म्हणजे थंड, सावलीचे वन. भोवती झाडे होती, शांतता होती, आणि तरी त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, कारण ताण तो सोबत घेऊन गेला होता. ऑफिसचा फोन खिशात घेऊन बागेत पावले मोजणाऱ्या आपल्यासारख्यांची अवस्था काय वेगळी असते? मी पहिल्यांदा फिरायला निघालो तेव्हा घड्याळात १२० मिनिटांचे टार्गेट लावले होते.

फिरायला खऱ्या अर्थाने शिकवले ते आईने. साखर ताब्यात आल्यावर जुलैत एका रविवारी तिला किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर दाखवायला नेले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. आपण दरवर्षी तिथे जातो, अभिवादन करतो, फोटो काढतो आणि परततो. तिथून पाच मिनिटांवर प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे. इतक्या वर्षांत मी एकदाही तिच्यावर चढलो नव्हतो. घर पाहून झाल्यावर आई म्हणाली, ते हिरवे काय दिसते तिकडे चल.

फाटकाशी ती थांबली. "हे रान कोनाचं हाय?"

"कुणाचंच नाही. सगळ्यांचं."

"मंग आत जाऊ देतेत?"

आईचे सगळे आयुष्य रानात गेले. पण दुसऱ्याच्या रानात, रोजाने. निंदण, कापूस वेचणी, डोक्यावर सरपणाचा भारा. कुणाच्या बांधावरून जावे आणि कुणाच्या नाही, हे तिला पाच वर्षांची असताना शिकवले गेले होते. तिच्या शब्दसंग्रहात 'निसर्ग' नाही. मी तिला निसर्गाचे फायदे लिहून पाठवत होतो, आणि तिला पडलेला प्रश्न हा होता.

त्या टेकडीची जमीन १८४२ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने सर्वांसाठी खुली झाली. हे वाचले तेव्हा मला महाड आठवले. बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे कागदावर खुले केले, आणि तरी तळ्याला हात कुणी लावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा कागद खरा झाला. त्या लढ्याशी माझ्या रविवारच्या फेरफटक्याची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण सार्वजनिक जागा वापरल्याशिवाय आपली होत नाही, एवढे मला त्या फाटकाशी कळले. इथे आपल्याला कुणी अडवत नाही. आपणच जात नाही. आपले सगळे कार्यक्रम बंद हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली होतात. खुद्द बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला म्हटले नागसेनवन.

आई वर चढली, दोनदा दम घेतला आणि एका झाडाखाली गवतावर पाय पसरून बसली. खाली सगळे लंडन दिसत होते, तिकडे तिने फारसे पाहिले नाही. वेचणीच्या दिवसांत दुपारी भाकर खायला लिंबाखाली बसायचो, तेवढा घटकाभर आपला असायचा, मुकादम हाक मारेपर्यंत, असे ती सांगू लागली. मग म्हणाली, "आज कोनी हाक नाही मारून ऱ्हायलं." आम्ही किती वेळ बसलो ते मला माहीत नाही. फोन गाडीत राहिला होता. राहिला म्हणजे मी ठेवला नव्हता, विसरलो होतो.

आईच्या साखरेवर त्या दिवसाचा काही परिणाम झाला का? एका दिवसावरून काहीच म्हणता येत नाही, आणि त्या दिवशी गोळीही घेतली होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली. हा माझा अनुभव आहे, पुरावा नाही. तुमचा अनुभव तुम्ही घ्या. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे या आणि पाहा.

तर आता निमंत्रण. वर्षावास संपेपर्यंत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहारातली वंदना झाल्यावर आपण जवळच्या बागेत जाणार आहोत. भाषण नाही, फोटो नाही. चालायला जमत नाही त्यांच्यासाठी फाटकाजवळच बाकडी आहेत. घरून पोळी-भाजी आणावी, चादर आम्ही आणू. फोन एका पिशवीत ठेवायचे आहेत, पिशवी आळीपाळीने एक जण सांभाळेल. ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी ती वेळेवर घेऊनच यावे. आई नोव्हेंबरपर्यंत इथे आहे. पिशवी पहिल्या रविवारी तीच सांभाळणार आहे, असे तिने परस्पर ठरवून टाकले आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.